पश्चिम दारावरची दोन डोकी

३ मार्च, सोमवार

राजाचा गाल डॅनच्या हातात आला.

सिडनीच्या कॅथीड्रलमध्ये, पश्चिम दाराच्या परांचीवर उभे होतो. तो इथला पाथरवट, दगड कुठे सैल आहे ते दाखवत होता. बोट नुसतं टेकवलं. भाकरीचा पापुद्रा सुटावा तसा गाल सुटला, पार नाकाच्या कडेपर्यंत. फळीवर वाळू. इतकी वर्षं उभा होता आणि आमच्या देखत गेला.

कारण साधं आहे म्हणाला. खाणीत दगडाचे थर आडवे असतात. भिंतीतही आडवेच ठेवायचे. हा उभा बसवलाय, म्हणून पानं सुटत गेली. ज्याने बसवला त्याला हे माहीत असणारच. घाई असेल.

कमानीवरून एक दगडी पट्टी जाते, भुवईसारखी, पावसाचं पाणी बाजूला टाकायला. तिच्या दोन टोकांना ही डोकी. डावीकडे राजा, उजवीकडे राणी, असं सगळे म्हणतात. राणीला चेहरा केव्हापासूनच नाही. बटाटा.

ट्रेनमध्ये आईला सांगितलं. म्हणाली, "आपण भंगलेल्या मूर्तीचं विसर्जन करतो. हे काय करतात?"

पेटीत भरून नंबर टाकतात, म्हटलं.

तिला ते पटलं नाही.

७ मार्च, शुक्रवार

दिवसभर जुने फोटो. कॅथीड्रलच्या जीर्णोद्धाराची पुस्तिका लिहायचं काम माझं. त्यातलं "मूळ डोकी" हे पान रिकामं आहे आणि रिकामंच राहणार. दारासमोर लग्नाचे फोटो शेकड्यांनी. वऱ्हाड, टोप्या, बुरखा वर केलेली नवरी. कमान दर वेळी अर्धी कापलेली. डोक्यांकडे कॅमेरा कधी गेलाच नाही.

बाकी इतिहास मिळतो. आधी लाकडी चर्च. मग सँडस्टोनचं, टप्प्याटप्प्याने, हातात असेल तेवढं. आर्किटेक्ट मध्येच वारला. मनोरे कागदावर राहिले. मग कोणीतरी फुटलेला दगड सिमेंटने बुजवला. सिमेंटच्या मागे पाणी अडलं, मीठ धरलं, दगड आतून खाल्ला. दुरुस्तीनेच जास्त गेलं. हे वाक्य पुस्तिकेत ठेवू देतील का, माहीत नाही.

कमिटीने ठरवलं: मूळ माहीत नसेल तर मुळाची नक्कल करायची नाही. नवीन डोकी आजच्या माणसांची. जुनी रीतच आहे म्हणे, कारागीर आसपासचे चेहरे घ्यायचे. कोणाचे, ते डॅनवर सोडलं.

आई बाकावर, केनबरोबर. बाबा गेल्यापासून दिवसा एकटी घरी थांबत नाही, म्हणून माझ्या कामाच्या दिवशी बरोबर येते, चहाच्या खोलीत मदत करते. केन इथला जुना माणूस. रेल्वेत गार्ड होता, रविवारी इथे घंटा वाजवायचा, आता खांदा चालत नाही. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. एका कानाने ऐकू येत नाही, म्हणून आई त्याच्या डाव्या बाजूला बसते. आई साताऱ्याला टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. तिचं इंग्रजी तिथलंच. केनची गोष्ट लांबली की म्हणते, "होल्ड द लाइन, प्लीज." तो गप्प होतो.

१३ मार्च, गुरुवार

डॅनने आईचा चांगला, समोरून काढलेला फोटो मागितला. चहाच्या खोलीत स्वयंसेवकांचा बोर्ड करणार आहेत, त्यासाठी असेल. एक पाठवला. दिवाळीचा, पुण्यातला, बाबा असतानाचा. मोठं कुंकू, नथ. आईचा हसरा तेवढाच आहे. नंतरच्या सगळ्या फोटोंत ती फोटो काढणाऱ्याकडे संशयाने बघते.

"ब्यूटी," डॅन म्हणाला. "नो वरीज."

मिलिंदला सर्दी; नवऱ्याची सर्दी म्हणजे घरभर. इराची परीक्षा. केशर संपलं.

२८ मार्च, शुक्रवार

आज

काय लिहू.

मागच्या शेडमध्ये गेले. पुस्तिकेसाठी नव्या डोक्यांचे फोटो काढायचे होते. डॅन म्हणाला, डोळे मीट. मिटले नाहीत. त्याने ओलं फडकं उचललं.

आई.

दगडाची. पिवळट, ताजी, कडा अजून धारदार. डोक्यावर पदर. हसते आहे. कपाळावर कुंकू, उठावदार, रुपयाएवढं. दगडात ते टेंगळासारखं येईल असं वाटलं असतं. तसं नाही. कुंकवासारखंच आलंय. नथ डॅनने वगळली, पातळ भाग टिकत नाही म्हणून.

दुसरं फडकं. केन. टोपी, मोठे कान, मिटलेलं तोंड.

"दे सिट स्टिल," डॅन म्हणाला. दुसरं कोणी इथे इतका वेळ स्वस्थ बसत नाही, म्हणून यांना घेतलं. केनला माहीत होतं. आईला त्याने सांगायचं नाही असं ठरलं. सरप्राइज.

मी म्हटलं, माझी आई विधवा आहे. इंग्रजीत ते वाक्य काहीच करत नाही. तो म्हणाला, सॉरी टु हिअर दॅट.

कपाळावर बोट ठेवलं. हे फक्त नवरा जिवंत असलेल्या बाईचं, म्हटलं. तो दगडाकडे बघत राहिला. मग म्हणाला, तूच फोटो पाठवलास, मेट.

हो.

२९ मार्च, शनिवार

आईला सांगितलं नाही. मिलिंद म्हणतो, लगेच सांग. मग म्हणतो, नको, पाडवा होऊ दे. मग म्हणतो, केन तिकडे आणि आई इकडे, म्हणजे दाराच्या दोन बाजूंना

मला काल शेडमध्ये ते दिसलंच नव्हतं. एकेक दगड वेगळा पाहिला होता.

इरा म्हणाली, "इट्स लिटरली जस्ट आर्ट, ममा." आजीला ती स्वतः सांगणार होती. दम दिला.

३० मार्च, रविवार. पाडवा

शुभदाकडे, कॅसल हिलला. पंधराएक माणसं, इथली नेहमीची मराठी मंडळी. गुढी बाल्कनीत. शेजारच्या मुलाने कुंपणावरून विचारलं, कोणाची टीम जिंकली.

जेवताना फोन हातोहात फिरला. काल शेड लोकांसाठी उघडी होती, कोणीतरी डोक्यांचे फोटो टाकलेत. कमानीच्या चित्रावर, दोन टोकांना दोघं. बातमी आपल्या ग्रुपवर माझ्या आधी पोचली होती.

शुभदा: "काय गं, काकूंचं जमलं आणि आम्हाला पेढेही नाहीत?"

हसले सगळे. एक काका समजावून सांगू लागले. देवळाच्या दारावर असं जोडपं कोरतात, ते देऊळ बांधणाऱ्याचं असतं, नवरा एका अंगाला, बायको दुसऱ्या. कोणीतरी म्हणालं, काका, हे चर्च आहे. काका म्हणाले, दार ते दारच.

मग त्यांच्या लक्षात आलं की आई पानावर बसली आहे.

तिने फोन मागितला. चष्मा लावला. बराच वेळ पाहिलं. श्रीखंडाची वाटी बाजूला सरकवली, सांडू नये म्हणून. विचारलं, "हे कुंकू कोणी लावलं?"

शुभदा आत पुऱ्या तळायला गेली. पुऱ्या भरपूर होत्या.

घरी आल्यावर आई म्हणाली, आपली गुढी उतरवायची वेळ झाली.

३१ मार्च, सोमवार

तिला बघायचं होतं. नेलं.

शेडमध्ये ती आणि तो दगड समोरासमोर. दगड तिच्याहून मोठा आहे, खालून दिसावा म्हणून. तिने अंगठा कुंकवावर टेकवला. कुंकू पूर्ण झाकलं गेलं. काढला. परत टेकवला. डॅन फडकं पिळत उभा.

केन दारात, टोपी हातात. "सॉरी, लव्ह," म्हणाला.

"होल्ड द लाइन, प्लीज," आई म्हणाली. त्याच्याकडे न बघता.

तो थांबला. आम्ही सगळेच.

येताना ट्रेनमध्ये, पॅरामॅटा गेल्यावर, खिडकीकडे तोंड करून मला म्हणाली, "केनने विचारलंय."

काय विचारलंय?

"त्याच्याकडे राहायला येशील का म्हणून. दोन खोल्या आहेत. लग्नबिग्न नाही म्हणाला. सकाळी चहाला कोणीतरी असावं म्हणाला."

कधी?

"झाले काही दिवस. मी उत्तर दिलेलं नाही."

टूनगॅबी आलं. उतरायचं लक्षात तिच्या आलं, माझ्या नाही.

१ एप्रिल, मंगळवार

म्हणजे डोकी कोरायच्या आधी विचारलं की नंतर? हा प्रश्न दिवसभर. त्याला काही अर्थ नाही.

चहा मी देते सकाळी. रोज. ट्रेनच्या घाईत. झाकून ठेवते.

झाकून.

२ एप्रिल, बुधवार

डीनना भेटले. कॅथीड्रलचे मुख्य तेच. सभ्य माणूस. हादरले. कोणी विचारलं नाही हे त्यांना माहीत नव्हतं. म्हणाले, तुमच्या आईने आणि कुटुंबाने हो म्हटल्याशिवाय दगड वर जाणार नाही. अकरा तारखेला बसवायचं ठरलंय, परांची त्यानंतर उतरते. नको असेल तर राणीची जागा रिकामी ठेवू, साधा चौकोनी दगड.

जोडप्याचं सांगितलं. त्यांना कळलं नाही. दोनदा सांगितलं. म्हणाले, जुन्या कॅथीड्रल्समध्ये एका बाजूला बिशप आणि दुसऱ्या बाजूला त्याचा वैरीसुद्धा असायचा. दोन टोकं आहेत, म्हणून दोन डोकी. आमच्या कोणाच्या मनात नवरा-बायको आलंच नाही.

खरं बोलत होते. ते मला जास्त लागलं. आपण पंधरा जण एका नजरेत तेच वाचतो, आणि इथे ते लिहिलेलंच नाही. पण केनने तर

केनबद्दल डीनना सांगितलं नाही.

४ एप्रिल, शुक्रवार

दादाचा व्हिडिओ कॉल. पुण्यात फोटो पोचला. कोणाकडून, ते सांगत नाही.

आधी चर्च. आईला बाटवलंय का? नाही रे. मग तिथे कशी? मग कुंकू. मग दुसऱ्या बाजूचा म्हातारा कोण? मी म्हटलं, घंटा वाजवायचा. दादा म्हणाला, "तू लिटरेचर शिकलीस ना? मग तुला कळलं नाही, लोक काय वाचतील?"

केनच्या घराचं मी दादाला बोलले नाही. मिलिंदने फोनच्या मागून खूण केली, बोलू नकोस.

६ एप्रिल, रविवार

दादाने तिकीट काढलं. आईचं. तेरा तारखेचं, सिडनी ते पुणे व्हाया मुंबई. व्हीलचेअर मागितली आहे. आई चालते.

कोणाला विचारलं? कोणालाच नाही. मेसेज मला, आईला नाही. "तिला समजावून सांग. तुझ्याच्याने सांभाळणं होत नाही, त्यात तुझा दोष नाही."

आईला दाखवला. तिने वाचला, फोन उलटा ठेवला, भेंडी चिरत राहिली.

"व्हीलचेअर कोणाला?" एवढंच.

तिकिटाला हो म्हटलं की खरं तर सगळं मिटतंय. डोकं बसवायचं नाही, आई पुण्याला, केनला उत्तर द्यायचं राहूनच गेलं. कोणालाच काही बोलावं लागत नाही. मला सुटल्यासारखं वाटलं, क्षणभर. मग भीती वाटली. कशाची, ते

८ एप्रिल, मंगळवार

डॅनने मार्ग काढला. तो दोन दिवस झोपला नाही म्हणतो. कुंकू उतरवता येईल. वरचा थर, छिन्नीचे हलके घाव, कपाळ सपाट. खालून कोणाला कळणार नाही. मग ती नुसती एक म्हातारी बाई. मग चालेल का?

मला वाटलं, चालेल. इतकं हायसं वाटलं की त्याचे हात धरले.

संध्याकाळी आईला सांगितलं. ती कपडे घडी करत होती. बॅग काढलेली नव्हती, हे आत्ता लिहिताना लक्षात येतंय.

म्हटलं, आई, तो कुंकू काढून टाकायला तयार आहे.

ती म्हणाली, "तुझे बाबा गेले तेव्हा तुझ्या आत्याने पुसलं. मी चहाचा कप धरून बसले होते. कप खाली ठेव, एवढंसुद्धा कोणी म्हणालं नाही. पुसलं. आता त्या डॅनने लावलं. त्यानेही विचारलं नाही. आता तू विचारतेस तेसुद्धा काढायचं का म्हणून नाही. तो काढायला तयार आहे म्हणून सांगतेस."

मी मध्येच काहीतरी बोलू लागले.

"फोटो तू दिलास. तिकीट तुझ्या दादाने काढलं. केन निदान विचारून तरी गप्प बसलाय."

मग टॉवेल माझ्या हातात दिला, दुसरं टोक धर म्हणून. धरलं. आम्ही चादरी आणि टॉवेल असेच घडी घालतो, दोघी, समोरासमोर जाऊन. जवळ आल्यावर तिच्या कपाळाकडे पाहिलं. काही नाही तिथे. वळ असतो असं मला वाटत होतं, इतकी वर्षं लावल्यावर. नसतो.

आत्याने पुसलं तेव्हा मी त्या खोलीत होते. मला ते आठवत नाही. कितीही आठवलं तरी कप दिसतो, हात दिसत नाही.

९ एप्रिल, बुधवार

आईने दोन कामं सांगितली.

एक, डॅनला सांग, हात लावू नको. कुंकवाचं काय ते मी सांगेन.

दोन, केनला सांग, शुक्रवारी ये.

तिकिटाबद्दल काही नाही.

म्हटलं, म्हणजे वर जायचं का तुला? दगड... तुझं डोकं?

"बसवताना कसं दिसतं ते बघू दे," म्हणाली. "साडीसुद्धा मी अंगावर टाकून बघितल्याशिवाय घेत नाही."

मिलिंद हसला. मग घाबरला. म्हणाला, तुझ्या दादाला काय सांगायचं? मी म्हटलं, मला काय माहीत. आम्ही दोघं स्वयंपाकघरात उभे, लहान मुलांसारखे, बाहेरच्या खोलीत मोठी माणसं काय ठरवतात ते ऐकत. बाहेरच्या खोलीत आई एकटीच होती. टीव्हीवर क्रिकेट.

११ एप्रिल, शुक्रवार

सकाळी परांचीवर. आईला हेल्मेट, पिवळं जॅकेट. साडीचा काष्टा मारला तिने. शिडी नाही, जिना आहे, तरी डॅन मागे हात धरून. केन खाली. त्याला खांद्यामुळे वर येता येत नाही.

आधी केनचं डोकं बसवलं. डावीकडे. साखळीच्या पुलीने वर घेतलं, पोलादी खुंट्या भोकांत गेल्या, चुना भरला, पाचर मारली. ओळंबा धरला. बराच वेळ गेला. केन खालून स्वतःकडे बघत होता. विचित्र होतं ते बघणं.

मग आईचं. डॅन थांबला. डीन खाली उभे होते, तेही बघायला लागले. सगळे आईकडे.

"ट्राय," आई म्हणाली.

वर गेलं. जागेवर सरकलं. मी दगडाकडे बघू शकले नाही, दुसऱ्या टोकाकडे पाहिलं, मग मधल्या दाराकडे. आतून कोणीतरी ऑर्गन लावून बघत होतं, एकच सूर, परत परत.

डॅनने सांगितलं, चुना आहे, सिमेंट नाही, सावकाश धरतो. उद्या सकाळपर्यंत पाचरी काढल्या की दगड सुटतो, तसाच्या तसा. त्यानंतर काढायचा तर फोडून. कुंकवाचंही तसंच, उद्या सकाळपर्यंत त्याची छिन्नी इथेच आहे. आईला हे तीनदा समजावलं, सोप्या इंग्रजीत. तिला पहिल्याच वेळी समजलं होतं, बाकी दोन वेळा मान हलवत राहिली.

खाली उतरली. केनच्या डाव्या बाजूला बसली. दोघांनी माना वर करून पाहिलं. इथून डोकी एकमेकांकडे बघत नाहीत. दोन्ही समोर बघतात, रस्त्याकडे, बस स्टॉपकडे. आज पहिल्यांदा दिसलं मला.

फोन वाजला. दादा. त्याच्याकडे पहाट असेल. मी उचलला. परवाची फ्लाइट, आईची बॅग भरली का? मग म्हणाला, त्यांनी ते बसवलं तर नाही ना? मी आईकडे पाहिलं. फोन पुढे केला. तिने घेतला नाही.

"सांग त्याला," ती म्हणाली, "अजून ओलं आहे."

सांगितलं.

"म्हणजे काय?" दादाने विचारलं.

मी आईला विचारलं, म्हणजे काय?

ती केनला थर्मॉसचं झाकण कसं उघडायचं ते दाखवत होती.